न तपासलेली पुरवणी

वर्गात तिला ‘डिंक’ म्हणत. काकांच्या घरालगतच्या बाइंडिंगच्या दुकानात राबून बोटांना डिंक असायचाच, वर पोरगी शेवटच्या वर्षाला चिकटून बसलेली. संख्याशास्त्राच्या एकाच पेपरात तीनदा आपटली होती. आता एकच संधी उरली होती. ती गेली की पदवीही गेली.

“डोक्यात नाही ते नाही,” काका गिऱ्हाइकांसमोरच म्हणायचे. “कशाला नाक घासतेस?” आईबाप गेल्यावर पोरीला घरात घेतलं, म्हणजे वाटेल ते बोलायचा परवाना मिळाला, अशी त्यांची समजूत.

तिसऱ्या निकालानंतर तिने उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. खिडकीतल्या कारकुनाने ती भीक घातल्यासारखी पुढे सरकवली. तिने तिथेच पानं उलटली. पुरवणीतल्या तीन गणितांवर लाल शाईचा ठिपकासुद्धा नव्हता! इतरांच्या पुरवण्या मागे लोंबत असतात. हिने दुकानातल्या सवयीने कडेला कड जुळवून, गाठ आत दडवून अशी शिवली होती की सगळी एकच वही दिसावी. परीक्षक मूळ वहीच्या शेवटच्या, कच्च्या कामाच्या पानांपर्यंत आला, संपलं समजला आणि मोकळा झाला. पहिल्या पानावर ‘पुरवणी: एक’ लिहिलेलं वाचायची तसदीही त्याने घेतली नाही. आधी दोनदा हेच झालं असणार. तिच्या अंगाची लाही लाही झाली. स्वतःच्या हातांचाही राग आला.

“पुरवणी नीट बांधणं तुमचं काम,” ती प्रत घेऊन गेली तेव्हा विभागप्रमुख म्हणाले.

“नीट बांधली म्हणूनच दिसली नाही, सर.”

“फेरतपासणीची मुदत परवाच संपली. पुन्हा बसा.” आणि त्यांनी फोन उचलला.

चौथ्या परीक्षेच्या सकाळी काकांनी बजावलं, “आज गेलीस तर परत इथे पाय ठेवू नकोस.”

ती गेली. दातओठ खात तीन तास लिहिलं. पुरवणी मुद्दाम गबाळी बांधली. त्यानंतर मैत्रिणीच्या खोलीवर राहिली.

निकाल लागला. एकाहत्तर गुण. उरलेले कपडे घ्यायला ती आली, तेव्हा काका गिऱ्हाइकाला सांगत होते, “पोरीला आम्हीच शिकवली हो!”

“काका, तिन्ही वेळा मी बरोबरच लिहिलं होतं. कोणी वाचलं नाही. परीक्षक परका होता. तुम्ही तरी एकदा विचारायचंत, काय लिहून आलीस म्हणून.”

गिऱ्हाईक खाली बघायला लागलं. काकांनी घसा खाकरला. “बरं, झालं ते झालं. उद्यापासून येतेस ना कामाला?”

“नाही,” ती म्हणाली.