व्याह्यांच्या पिकअपचं वायरिंग

फ्यूजमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण समोर कुठलीही गाडी आली, की बॉनेट उघडायच्या आधीच ते म्हणायचे, "आधी फ्यूज बघा." चाक निखळून पडलेली गाडी ओढत आणली तरी तेच. म्हणून बाजारात त्यांना हे नाव पडलं आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते आवडलं. गाड्यांचे दिवे, हॉर्न, सेल्फ, हे त्यांचं काम. हात चांगला होता, उगाच कशाला नाही म्हणा. खोड होती ती जिभेला. गुडघे धरले म्हणून दुकान बंद करून घरी बसले, तेव्हा हातातला सगळा जोर जिभेतच जाऊन बसला.

त्यांची एकुलती एक मुलगी एका सुताराच्या घरात दिलेली होती. लहानपणी ती बापाच्या दुकानातच वाढली. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून त्यांनीच तिला ठिणगी म्हणायला सुरुवात केली आणि सासरीसुद्धा तेच नाव चालू राहिलं. आता ती घरी कपडे शिवायची. सुतारव्याही शांत माणूस, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. त्यांच्याकडे एक जुनी पिकअप होती. तयार दारं-खिडक्या पोचवायचं काम तिच्यावर, आणि ती चालवायचं काम जावयावर.

एका संध्याकाळी त्या पिकअपच्या डॅशबोर्डमधून धूर आला. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, त्यांवर दहा हातांनी मारलेले जोड, कधीतरी हे होणारच होतं. गॅरेजवाला म्हणाला, आता जोडाजोडी बास, हार्नेसच बदला. हार्नेस म्हणजे पुढच्या दिव्यांपासून मागच्या दिव्यांपर्यंत गाडीभर पसरलेला वायरींचा अख्खा जुडगा. पण त्याला इतक्यात वेळ नव्हता आणि इकडे एका नव्या शाळेची सगळी दारं तयार होऊन भिंतीला टेकून उभी होती. सोमवारी ती पोचली नाहीत, तर शाळेचं पुढचं सगळं लाकूडकाम दुसऱ्या सुताराकडे जाणार होतं.

मास्तर तेव्हा नेमके मुलीकडे चहाला आलेले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"गॅरेजवाल्याला कशाला हात जोडता? मी बसलोय ना इथं. हार्नेस आणून द्या, डोळे मिटून घालतो. रविवारी संध्याकाळी गाडी तुमच्या दारात."

व्याह्यांचा चेहरा एकदम सैल झाला. विहीणबाई म्हणाल्या, "घरचा माणूस तो घरचा माणूस." फक्त ठिणगीनं चहाची कपबशी खाली ठेवली आणि बापाकडे बघितलं. तिला एक गोष्ट माहीत होती, जी त्या घरात दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हती. मास्तरांनी उभ्या आयुष्यात अख्खा हार्नेस कधी बदललाच नव्हता. त्यांची पद्धत एकच, बिघडलेली वायर शोधायची, ती काढायची, तिथंच नवी घालायची. एका वेळी एक. अख्ख्या जुडग्याचं काम आलं की ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "एवढा खर्च कशाला करता, मी जोडून देतो." गिऱ्हाईक खूश, आणि झाकली मूठ झाकलेलीच.

शुक्रवारी मास्तर हत्यारांची पिशवी घेऊन सुताराच्या घरामागच्या कारखान्यात आले, तर डॅशबोर्ड आधीच उघडलेला. ठिणगीनं सकाळी उठून एकेका वायरीचा माग काढला होता आणि प्रत्येकीच्या टोकाला शिवणकामातली चिंधी बांधून ठेवली होती. हेडलाइटला चौकड्याची, हॉर्नला फुलाफुलांची, ब्रेकच्या दिव्याला पट्ट्यापट्ट्यांची. जुन्या गाडीत वायरींच्या टोकांना सुट्या पिना फार, कुठलीही कुठंही बसते, आणि दहा जणांनी जोड मारल्यावर वायरीच्या रंगाला काही अर्थ उरत नाही, म्हणून ही खूण. बापाला मदत, दुसरं काय.

मास्तरांना ती मदत टोचली. समोर व्याही उभे, जावई उभा, कारखान्यातली माणसं उभी.

"हे काय गं? गाडीला झबलं शिवतेस की काय?" असं म्हणून ते मोठ्यांदा हसले आणि एकेक चिंधी ओढून फेकायला लागले. "आमच्या दुकानात वायरीला दोरे बांधत नसत. खुणा लागतात त्या नवशिक्याला."

सुतारव्याही हळूच म्हणाले, "आम्ही तर बाबा खुणेशिवाय लाकडाला करवत लावत नाही."

"लाकूड मुकं असतं, व्याही. वायर बोलते."

सगळे हसले. ठिणगी हसली नाही. लाकडाच्या भुशात पडलेल्या चिंध्या तिनं वेचल्या, पदराला पुसल्या आणि शिलाईच्या डब्यात ठेवून दिल्या. मास्तरांनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. त्यात आणखी भर म्हणून जुना हार्नेस इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून निघेना. पुन्हा चारचौघांत अडलेलं दिसायला नको, म्हणून त्यांनी पक्कड घेतली आणि तो तीन-चार ठिकाणी सरळ कापून काढला. झालं, परतीची वाटही गेली.

नवा जुडगा आत सरकवला तो रविवारी सकाळपर्यंत. लांबून दिसायला फार झकास, काळी चकचकीत टेप आणि सगळं कसं नीटनेटकं. दुपारी बॅटरी जोडली आणि जावयानं ब्रेक दाबला. हॉर्न वाजला. त्यानं हॉर्न दाबला, तर वायपर काचेवर इकडून तिकडे गेला. कारखान्यातला रंधा मारणारा म्हणाला, "हे बरंय, ब्रेक मारला की पुढचा आपोआप बाजूला होतो." हशा पिकला. मास्तरही हसले. त्यांनी दोन पिना बदलल्या. फ्यूज उडाला. नवा घातला, तोही उडाला. आयुष्यभर लोकांना फ्यूज बघायला सांगणारा माणूस आता एकामागून एक फ्यूज जाळत होता आणि कुणी मोजत तर नाही ना, म्हणून खिशात लपवत होता.

मग ते डॅशबोर्डखाली डोकं घालून पडून राहिले. काम करायला नव्हे. तोंड लपवायला तिथं दुसरी जागा नव्हती. वर नुसता वायरींचा गुंता, त्यातली एकही त्यांच्याशी बोलेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं त्यांच्या मनात आलं. कुणी मागितलं होतं? कुणीसुद्धा नाही.

ठिणगी पाणी घेऊन आली आणि वाकून, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, ब्रेकची आणि हॉर्नची पिन शेजारी शेजारी आहे. मी बघू का जरा?"

"तू तुझी शिलाई बघ," मास्तर म्हणाले. लाज वाटली की माणूस आधी घरच्यावरच खेकसतो.

तेवढ्यात सुतारव्याही आले. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते फक्त भिंतीला टेकलेल्या दारांकडे बघत म्हणाले, "मास्तर, जमतंय ना? नसेल तर सांगा. उद्याला दुसरी गाडी मिळते का, ते आत्ताच बघावं लागेल."

मागे विहीणबाई, जावई. मास्तर बाहेर आले, कपाळाला काळं लागलेलं. नाही जमत, एवढं दोनच शब्दांचं वाक्य. तेवढं म्हणायला चाळीस वर्षांची फुशारकी आडवी आली.

आणि ठिणगी बोलली.

"बाबांचं बरोबरच होतं. काल ते जेवायला आत आले, तेव्हा मीच पिना काढून बघत होते. परत लावताना अदलाबदल झाली असणार. माझी चूक आहे."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. असं काही झालंच नव्हतं. काल ती दिवसभर घरात शिलाईच्या मशीनवर बसून होती, मशीनचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला होता.

"अगं, तुला कुणी सांगितलं होतं?" विहीणबाई म्हणाल्या. "जाणतं माणूस काम करतंय, त्यात आपण कशाला बोट घालावं? उद्या दारं गेली नाहीत तर काय करायचं?" जावई बायकोकडे न बघताच बाहेर निघून गेला, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

आता बोलायची वेळ मास्तरांची होती. नाही हो, पोर खोटं बोलतेय, चूक माझी आहे. पण त्यांनी काय केलं? तांब्या उचलला आणि पाणी प्याले. तहान तर नव्हतीच. पाणी पिताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरीही तांब्या खाली ठेवल्यावर ते गप्पच राहिले.

"मी चुकवलंय तर मीच निस्तरते," ठिणगी म्हणाली. कुणाच्या परवानगीसाठी न थांबता तिनं कापलेल्या जुन्या हार्नेसचे तुकडे कोपऱ्यातून आणले आणि सासऱ्यांच्या लांब बाकावर मांडले. कापडाचे कापलेले भाग शिवायच्या आधी जुळवतात ना, तसं तिनं कापाला काप जुळवून अख्खी गाडी बाकावर आडवी मांडली. इथं हेडलाइट, इथं हॉर्न, ही शेपटी मागच्या दिव्यांची. मग डब्यातून त्याच चिंध्या काढल्या. कुठली चिंधी कुठल्या टोकाची, हे तिच्या बोटांना पाठ होतं. जुन्याचं एकेक टोक बघून तिनं नव्याच्या टोकाला खूण बांधली. सुतारव्याही बाजूला उभे राहून बघत होते. मध्येच त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि न विचारताच बाकावर जोडांच्या रेघा मारून दिल्या.

"बाबा, पट्ट्यापट्ट्यांची ब्रेकला," ती सांगायची. मास्तर लावायचे. "फुलांची हॉर्नला." मास्तर लावायचे. पान्याशिवाय काही मागत नव्हते, मान वर करत नव्हते.

दिवस मावळायच्या आत, आता परत आलेल्या जावयानं पुन्हा चावी फिरवली. हेडलाइट लागले. हॉर्न हॉर्नसारखा वाजला, वायपर वायपरच्या वेळेला फिरला. फ्यूज टिकला. रंधेवाल्यानं टाळ्या वाजवल्या आणि व्याह्यांनी मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला.

"शेवटी जाणत्याचा हात तो जाणत्याचा हात."

तो हात मास्तरांना सोसेना. ते म्हणाले, "हात माझा नाही, व्याही. आणि तिनं काल काही केलंच नव्हतं. चुकलो मी. मी अख्खं वायरिंग कधी बदललेलंच नाही आजवर."

एवढं अवघड वाक्य कसंबसं ओठांबाहेर पडलं, आणि झालं काय, तर विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी. "बघा, याला म्हणतात मन. लेकीची चूक स्वतःच्या अंगावर घेतायत." व्याहीही मान डोलवायला लागले. जावई म्हणाला, "मामा, असू द्या हो. आम्ही काही तिला बोलणार नाही आता."

म्हणजे कबुलीसुद्धा मोठेपणाच्याच खात्यात जमा. मास्तर घाबरेघुबरे होऊन ठिणगीकडे वळले. ती चिंध्यांचा डबा बंद करत होती. रागावलेली नव्हती. दमलेली होती, आणि राहू द्या, अशा अर्थानं तिनं मान हलवली. त्या मान हलवण्यानंच त्यांची उरलीसुरली लाज काढली. या पोरीला बापाचं असं राहू द्यायची किती सवय झालीय, हे त्यांना आज कळलं.

तेवढ्यात मागून रंधेवाला ओरडला, "डावीकडचा मागचा दिवा लागत नाही."

सगळे बाजूला सरले, मास्तरांना वाट करून दिली. जावयानं टॉर्च त्यांच्या हातात दिला. गाडीच्या मागे, दिव्याच्या पाठीशी हात जेमतेम जाईल एवढी अंधारी सांद होती. अशाच सांदीपाशी लहानपणी ठिणगी उभी असायची. पक्कड मागायची, मला एकदा करू द्या म्हणायची. आणि ते दर वेळी सांगायचे, "उजेड धरणाऱ्यानं उजेड धरावा. हातावर धर, तोंडावर नको. आणि बोट लावायचं नाही."

मास्तर कण्हत गुडघ्यांवर बसले. हत्यारांची पिशवी पुढे सरकवली, त्यातली त्यांची जुनी पक्कड काढली. ती पक्कड त्यांनी आजवर कुणाला वापरू दिली नव्हती. ती त्यांनी मुलीपुढे धरली.

"ये," ते म्हणाले. "तू कर. मी उजेड धरतो."

सुतारव्याह्यांनी आधी मास्तरांकडे बघितलं, मग बाकावर मांडलेल्या तुकड्यांकडे, मग सुनेकडे. आता मोठेपणा वगैरे कुणी काही म्हणालं नाही.

ठिणगीनं पोतं अंथरलं, त्यावर आडवी झाली आणि पक्कड घेतली. मास्तरांनी टॉर्च लावला. उजेड भरकटून तिच्या डोळ्यांवर गेला.

"बाबा, उजेड हातावर," ती आतून म्हणाली. "तोंडावर नको."

"हो," मास्तर म्हणाले, आणि दोन्ही हातांनी त्यांनी टॉर्च नीट धरला.