कुठला काका?

चौकशीमावशींना ‘काका’ हे उत्तर चालत नसे. सिडनीत टूनगॅबीजवळच्या आमच्या खासगी शाळेच्या ऑफिसात त्या बसायच्या. शाळा सुटायच्या आधी कुणी मूल न्यायला आलं की चष्मा कपाळावर चढवून विचारायच्या, “कुठला काका? बाबांचा भाऊ, की पार्किंगमधला?” आपल्याकडे ओळखीचा कुठलाही पुरुष काकाच असतो, हे त्या जाणून होत्या. खात्री पटेपर्यंत पोर जागचं हलायचं नाही. नाव त्यांचं वेगळंच होतं. हे मराठी पालकांनी ठेवलेलं, आणि त्यांनीही ते हौसेने मिरवलं.

एकदा माझ्या सख्ख्या दिराला त्यांनी पाऊण तास बसवून ठेवलं. माझी लेक ‘दॅट्स माय काका’ म्हणत रडकुंडीला आली, तरी नाही. मी वर्गावर, फोन बंद. नंतर तावातावाने भांडायला गेले तर म्हणाल्या, “तो तुझा दीर आहे हे तू सांगायचं. त्याने नाही.” वर मलाच चहा पाजला. अस्सा राग आला होता मला!

त्यांची एक लाल वही होती. कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाच्या घरात बिनसलंय, कुणाचा कोण काका, सगळं मराठीत लिहिलेलं.

मग ते बजेट आलं. शाळेच्या बोर्डाने सांगितलं, शिक्षकांना पगारवाढ हवी असेल तर ऑफिसातलं माणूस कमी करावं लागेल. दारात टॅबलेट बसेल, न्यायला येणारा स्वतःच नोंद करेल. ऑपरेशन्स मॅनेजर नावाचा नवा साहेब मात्र येणारच होता, त्याला कुणी हात लावला नाही. स्टाफरूममध्ये आमचं मत विचारलं. घराच्या हप्त्यांनी माझा जीव मेटाकुटीला आला होता. मीच पहिली बोलले, की टॅबलेटने भागेल. मावशी मागे कप विसळत होत्या हे मला माहीत होतं. खोटं कशाला बोलू?

बाहेर पडताना त्या एवढंच म्हणाल्या, “पगार वाढायलाच हवा गं तुमचा. पण ते यंत्र कुठला काका म्हणून विचारेल का?” मी ते हसण्यावारी नेलं.

शेवटच्या दिवशी केक कापला. निघताना त्यांनी वही माझ्या हातात ठेवली. आमच्यात मराठी वाचणारी मी एकटीच, म्हणून लगेच वाचून काढ असं बजावलं. मला रिपोर्ट्स लिहायचे होते. वही ड्रॉवरमध्ये गेली ती तिथेच राहिली.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी दोनला, वर्गातल्या स्क्रीनवर निरोप आला: इरा, अर्ली पिकअप, अंकल. इरा दुसरीतली, माझ्याच वर्गातली. मी म्हटलं, बॅग घे, पळ. तीन वाजता तिची आई वेस्टमीड हॉस्पिटलमधली शिफ्ट संपवून आली, रोजच्यासारखी हसत. मी सांगितलं, काका घेऊन गेले. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“कुठला काका?” तिने विचारलं.

मी ड्रॉवर उघडून वही काढली. इराच्या नावासमोर लिहिलं होतं: बापाला कोर्टाची मनाई. त्याचा एक मित्र काका म्हणून येतो. आईला फोन केल्याशिवाय सोडायचं नाही.

पाच दिवसांनी पोलिसांना ती ब्रिस्बेनजवळ बापासोबत सापडली. अंगावर ओरखडा नव्हता, पण पोर बोलायची बंद झाली. आईने शाळा बदलली. पगारवाढ त्याच महिन्यात खात्यात आली.

मी मावशींना फोन केला. त्या मला बोलतील, झाडतील, असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “जाताना तिने तुझ्याकडे बघितलं होतं का गं?”

बघितलं होतं. बॅग छातीशी धरून दारात चांगली उभी राहिली होती. मला वाटलं, काहीतरी विसरली असेल. मी हातानेच खूण केली, जा म्हणून.