गच्चीवरच्या खोलीतली दुनळी

गुणवंतभाऊ शेलारांवर ते संकट माझ्यामुळे आलं, हे आधी लिहून टाकते.

अठ्ठ्याण्णव साल. आम्ही नोएडात मेहंदीरत्तांच्या घरात भाड्यानं राहायचो. खाली घरमालक, मधे आम्ही आणि गच्चीवरच्या एका खोलीत गुणवंतभाऊ. मूळचे कोरेगावकडचे, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त, आणि इथे एका बँकेच्या दारावर बंदूकवाले. विनयावहिनी गावी, सासूच्या आजारपणात अडकलेल्या. बंदूक भाऊंची स्वतःची, परवान्याची दुनळी. ज्याच्याकडे स्वतःची बंदूक त्यालाच ती नोकरी. बँक ती ठेवून घेत नसे. म्हणून रोज संध्याकाळी ती कापडी खोळीत गुंडाळून त्यांच्याबरोबर घरी यायची.

आम्हाला ठाऊक होतं, मेहंदीरत्तांना नव्हतं. ते भाऊंना बँकेतला शिपाई समजत. भाऊंनीही समजू दिलं. त्याआधी खरं सांगून त्यांनी नऊ खोल्या गमावल्या होत्या.

खंडेनवमीला मी पाटावर विळी, कात्री आणि ह्यांचा स्क्रू-ड्रायव्हर मांडला. मनाला काही बरं वाटेना. भाऊ पाणी भरायला खाली आले होते.

"भाऊ, खरं शस्त्र घरात असताना मी विळीला फुलं वाहू?"

"वहिनी, कामाशिवाय ती बाहेर काढत नाही मी."

"देवासमोर आणणं म्हणजे बाहेर काढणं होय?"

देवाचं नाव घेतल्यावर त्यांना नाही म्हणवेना. आणली. बिजागरीवर मधून मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं मला दाखवलं आणि मगच पाटावर ठेवली. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पूजा म्हणून दार सताड उघडं होतं. मेहंदीरत्ता पाण्याच्या मोटरचं काहीतरी सांगायला वर आले आणि उंबऱ्यातच थांबले.

"ये किसकी है?"

"गुणवंतभाऊंची. आमच्यात शस्त्रपूजा असते, भाईसाहब. प्रसाद लीजिए ना," मी कौतुकानं म्हणाले.

त्यांनी पेढा घेतला. तोंडात घातला नाही. दसऱ्याच्या सकाळी जिन्यातच भाऊंना म्हणाले, "हवलदारसाहब, इतवार तक कमरा ख़ाली."

रविवार तीन दिवसांवर होता. आमच्या ह्यांनी, म्हणजे श्रीपादनी, भाडेकरार काढून दोनदा वाचला. "यात मांसमच्छी नको, मोठ्यानं रेडिओ नको, सगळं आहे. परवान्याच्या बंदुकीबद्दल एक अक्षर नाही. जानेवारीअखेरपर्यंत खोली तुमची. कायदा तुमच्या बाजूनं आहे, गुणवंतराव."

भाऊ हसले. "साहेब, शनिवारी परवान्याच्या नूतनीकरणाला पोलीस येतोय, पत्ता बघायला. तो कायद्याला नाही विचारणार, घरमालकाला विचारणार, हा माणूस इथं राहतो का म्हणून. मेहंदीरत्ता 'नाही' म्हणाले की परवाना गेला. परवाना गेला की बँक गेली. विनयाला काय कळवू?"

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. नामजप चालला होता, पण लक्ष सगळं छतावरच्या पावलांकडे. ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात होती.

शुक्रवारी सकाळी मी खाली गेले. मेहंदीरत्ता अंगणात नातीच्या वेण्या घालत होते, तिच्या मुठीत गिट्टे, म्हणजे आपले सागरगोटे. सूनबाई नोकरीला जायची, त्यामुळे हे काम त्यांचं.

"भाईसाहब, ग़लती मेरी है. मैंने मँगवाई थी पूजा के लिए."

"पूजा से कोई शिकायत नहीं, बहनजी. सात महीने मेरी छत पर बंदूक थी और ये बच्ची वहाँ गिट्टे खेलती रही. बताया क्यों नहीं?"

"लायसन्स आहे त्यांच्याकडे... लाइसेंस है उनके पास."

त्यांनी रिबिनीची गाठ मारली आणि मुलीला आत पाठवलं. मग म्हणाले, "मेरे भाई का लड़का था, इक्कीस साल का. ग़ाज़ियाबाद में शादी थी, किसीने ख़ुशी में चलाई. लाइसेंस उसके पास भी था."

वर येऊन मी जसंच्या तसं भाऊंना सांगितलं. ते कठडा धरून उभे राहिले.

"म्हणजे माणूस वाईट नाही," म्हणाले, "आणि लपवलं मी. मला लाज वाटायला हवी."

त्या संध्याकाळी ते नेहमीसारखे मागच्या जिन्यानं वर गेले नाहीत. फाटकाशी उभे राहिले आणि हाक मारली. मेहंदीरत्ता बाहेर आले. मी वरून पाहत होते, हातातली जपमाळ थांबली होती. भाऊंनी खोळ सोडली, तेव्हा मेहंदीरत्ता एक पाऊल मागे सरकले. भाऊंनी नळ्यांचं तोंड जमिनीकडे ठेवलं, दुनळी मधून मोडली आणि पलटणीतल्या आवाजात म्हणाले, "देख लीजिए साहब. दोनों ख़ाली. कारतूस अलग, ताले में. जब तक हूँ, रोज़ शाम को आपको दिखाकर ऊपर जाऊँगा. बताना पहले दिन चाहिए था."

मेहंदीरत्तांनी वाकून नळ्यांमधून पलीकडचं पाहिलं. मग आत गेले.

शनिवारी दहाला पोलीस आला. भाऊ बँकेच्या गणवेशात, बाजूला ताठ उभे. त्यांचा हात मात्र पँटच्या शिवणीवर सारखा फिरत होता. पोलिसानं कागदावरून मान वर न करताच मेहंदीरत्तांना विचारलं, "ये यहीं रहते हैं?"

मी जिन्यात मारुतीरायाला आळवत होते. नात दारात येऊन आजोबांच्या पायाला बिलगली.

"रहते हैं," मेहंदीरत्ता म्हणाले. "जनवरी तक."

पोलिसानं पहिले दोन शब्दच लिहून घेतले.

परवाना झाला. भाऊंनी शब्द पाळला. चार महिने रोज साडेसहाला फाटकाशी दुनळी मोडून दाखवत. मेहंदीरत्ता चष्मा लावून पाहत आणि मान हलवत. एकदा भाऊंना ताप होता, तर तेच गच्चीवर जाऊन पाहून आले, बरोबर काढा घेऊन. मला वाटलं, आता मुदत वाढवतील. मी तसं सुचवलंही. "नहीं बहनजी," ते म्हणाले, "आदमी अच्छा है. नींद फिर भी नहीं आती." मी पुन्हा विषय काढला नाही.

जानेवारीत भाऊ खोली शोधायला निघाले. प्रत्येक दारात आधी बंदुकीचं सांगत, मग भाड्याचं विचारत. सात दारांतून नकार आला. आठवं घर शेजारच्या गावातलं, बाजेवर हुक्का ओढत बसलेल्या एका म्हातारीचं. ती म्हणाली, "चलावै सै, के बस धर राखी सै?"

"नुसती बाळगलीय, माताजी. चौदा वर्षांत एकदाही नाही चालवली," भाऊ घाईघाईत मराठीतच बोलून गेले.

म्हातारीला काय कळलं कोण जाणे. तिनं कमरेची किल्ली काढून पुढे केली.