सांगून गेला तो

नाटक मी एकटीच करणार म्हटल्यावर सासूनं पहिला प्रश्न विचारला, "एकटी? मंग तुह्याशी बोलन कोन?" कोणीच बोलणार नव्हतं, तेच तर नाटक होतं. राजवाड्यात मागं राहिलेली राजपुत्राची बायको, कुशीत तान्हं पोर आणि जगाला दुःखातून सोडवायला घर सोडून गेलेला नवरा. त्याच्या गोष्टी आमच्या वस्तीत पोराटोरांना पाठ असतात. तिच्याबद्दल विचारलं की सगळे म्हणतात, माता थोर होती. थोर होती म्हणजे गप्प होती, असं माझं आपलं मत.

मी वणीजवळच्या एका गावात ब्लाउज शिवते. माझा नवरा कोळशाचा ट्रक चालवायचा. लेक सहा महिन्यांची असताना एका पहाटे तो निघून गेला. मला जाग आली तेव्हा त्याचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता आणि अंथरुणाची घडी घातलेली होती. घडी त्यानं जन्मात कधी घातली नव्हती. पुढं कितीतरी दिवस मी लेकीला कडेवर घेऊन खाणीच्या रस्त्यावर उभी राहायचे. सासू माझ्यासोबत असायची. येणारा-जाणारा ट्रक थांबवून ती विचारायची, "माहा पोरगा दिसला काय रे बाप्पा?" पांढरकवड्यापर्यंत गेलो आम्ही. हैदराबाद रस्त्यावरच्या ढाब्यांवर त्याचा फोटो दाखवत फिरलो. कोणी चहा पाजला, कोणी हाकललं.

लेक आता शाळेत जाते. बाप कुठं गेला असं तिनं विचारलं की सासू उठून अंगणात जायची. मी मात्र नाटक लिहिलं.

बुद्धपौर्णिमेला ते विहारापुढच्या पटांगणात करायचं होतं. तालीम बघायला विहाराच्या कमिटीतले गुरुजी आले आणि त्यांनी मध्येच हात वर केला.

"थांब वं पोरी. बायको झोपली असतानी चोरून गेला, ही जुनी गोष्ट झाली. आपल्या विहारात काय सांगतो आपन? तो तिले सांगून गेला. तिनं हो म्हटलं."

माझं डोकं फिरलं. "हो म्हटलं, हे कोनी आयकलं गुरुजी? तुमी होते काय तिथं?"

गुरुजी भले माणूस. हसले आणि म्हणाले, "कर बापा, तुह्या मनानं कर." पण सासू हसली नाही. दुसऱ्या दिवशी भाकर थापता थापता म्हणाली, "गुरुजी बरोबर म्हन्ते. सांगून गेला, असंच म्हन."

"सांगून गेला असता तर मी कायले हे नाटक केलं असतं, आई?"

"मले माईत नाही. उठवलं नाही, हे वाक्य म्हनशीन तं माह्या घरात पाय ठेवू नोको."

घर तिचं. माझे आईबाप गेलेले, भावाच्या घरात त्याचाच संसार मावत नाही. माझी शिलाई मशीन इथं, गिऱ्हाइकं इथली, आणि लेक तर रोज तिच्याच कुशीत निजते. जाणार कुठं? वाक्य एवढंच होतं: जायचं होतं तर जायचं, पण मला उठवायचं तरी होतं. ते काढलं की माझ्या नाटकात पांढऱ्या साडीशिवाय काही उरत नव्हतं. मी रडले, भांडले, मशीनवर डोकं टेकून बसले. पौर्णिमेच्या संध्याकाळी वंदना झाली, माइक माझ्या हातात आला, तरी माझं काही ठरलं नव्हतं.

उकाडा मरणाचा होता. सासू पुढच्याच सतरंजीवर बसली होती, मांडीवर लेक. मी रिकाम्या अंथरुणापुढं गुडघे टेकले आणि ते वाक्य आपसूक तोंडातून बाहेर पडलं.

मग समोरून आवाज आला.

"उठवत होता तो तुले."

सासू उभी राहिली होती. लेक तिच्या पदराला धरून.

"मले उठवलं त्यानं. पाया पडला. जीव घुसमटते म्हने, चार दिवस जाऊन येतो. तुलेही उठवतो म्हने. मीच नोको म्हटलं. लेकराच्या तापानं रातभर जागली होती तू, तवाच कुठी डोया लागला होता तुह्या. तो येनारच नाही, हे मले काय माईत, बाई?"

बाहेरगावच्या लोकांना वाटलं, हेही नाटकातलंच. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या वस्तीतलं कोणी हललं नाही. पुढची पानंच्या पानं मला पाठ होती, एक शब्द आठवेना. मी माइक खाली ठेवला.

तो मला उठवणार होता, हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. डोळ्यांपुढं खाणीचा रस्ता आला आणि ट्रकमागून धावणारी ती. तो सांगून गेलाय हे पोटात ठेवून ती माझ्याबरोबर उन्हात उभी राहिली होती. मला तिचा गळा धरावासा वाटला आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. यातलं काहीच जमलं नाही.

घरापर्यंत सासू माझ्या मागून चालत आली. कुलूप मी उघडलं, लेकीला आत नेऊन निजवलं. वळून पाहिलं तर सासू उंबऱ्याबाहेर उभी, स्वतःच्याच घराच्या.

"येऊ काय वं आत?"

तिनं त्या पहाटे माझी झोप जपली होती. तेव्हापासून मला एक दिवस धड झोप लागलेली नाही. हे तिला सांगायचं होतं, ओरडून सांगायचं होतं.

मी हो म्हटलं नाही. दारही लावलं नाही.