चौथा की पाचवा

जाहले नावाच्या शहराच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावात नझीह काचा कापायचं काम करी. वय सेहेचाळीस, गुडघे साठीचे. तरी ऑगस्टमध्ये मरियमच्या सणाला तो चर्चमागच्या मैदानावर उतरायचाच. त्या दिवशी बास्केटबॉलचा सामना असे: गावात राहिलेले विरुद्ध परदेशी गेलेले. मॉन्ट्रियलहून थोरला भाऊ मुनीर आला, की तो नेमका नझीहलाच अडवायला उभा राही.

मुनीर येऊन सात उन्हाळे झाले होते. तेव्हा त्याने आणलेले बूट, एका खेळाडूच्या नावाने निघणाऱ्या मालिकेतला दुसरा अवतार, आता तळाशी गुळगुळीत झाले होते. मे महिन्यात त्याचा फोन आला, "नवे घेऊ तुला? चौथा की पाचवा?"

म्हणजे हा येणार, असं नझीहने गृहीत धरलं. मग दर रविवारी तो नवी शंका काढू लागला.

"चौथा घोट्याला उंच आहे ना?"

"आहे. पाचवा ठेंगणा, पण हलका."

"हलका म्हणजे लवकर फाटणार."

"अरे, बायको एका भेटीत पसंत केलीस तू!"

"तेव्हा दुसरा अवतार निघाला नव्हता."

"ऐकू येतंय मला!" फोन स्पीकरवर होता; बायको, रीमा, स्वयंपाकघरातून ओरडली. मुनीर खोकला येईपर्यंत हसला. त्या हसण्यासाठी नझीह आठवडाभर शंका जमवत असे. चौथाच हवा, हे त्याचं पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

जुलैच्या शेवटी मुनीर म्हणाला, "आता सांगून टाक बाबा. शेजारचा एलियास मंगळवारी निघतोय. त्याच्या बॅगेत जागा आहे."

"आणि तू?"

"यंदाही नाही जमत रे."

रीमा दारात येऊन उभी राहिली. नझीहने पाठ फिरवली. चौथा म्हटलं असतं, तर चार दिवसांत बूट हातात आले असते, आणि रविवारच्या शंका संपल्या असत्या.

"सहावा कधी निघतोय?" त्याने विचारलं.

"पुढच्या वर्षी म्हणतात. पण सामन्याला काय घालशील?"

"आहेत की जुने."

"घसरून पडशील, गाढवा."

"पडेन कसा? अडवायला समोर तू असशील तर ना."



"बरं," मुनीर म्हणाला. "सहाव्याची चौकशी करतो. रविवारी बोलू."