जेवणानंतरची गोळी

कुठल्याही डॉक्टरनं आईला विचारलं, की बाई, औषधं काय काय घेता, तर ती एकच सांगायची: ब्लडप्रेशरची गोळी. तिच्या दृष्टीनं ते खरंच होतं. छातीत जळजळतं म्हणून ती जे दिवसभर चघळायची ते औषध नव्हतंच मुळी. ते तिचं पान होतं.

नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल माझंच डोकं फिरलंय. मुंबईत असताना जेवण झालं की आईला चुना लावलेलं पान लागायचं. बेर्शेबाला आल्यावर विड्याची पानं आणणार कुठून? सुपारी कोणी ना कोणी मुंबईहून घेऊन यायचं, पण नुसत्या सुपारीनं तिचं समाधान होईना. त्यात ही जळजळ. मटण आंबट-तिखटच हवं. वर दूध पिऊन आग शमवावी म्हटलं तर मटणावर दूध आम्हा ज्यू लोकांत चालत नाही, तासन्‌तास थांबावं लागतं. दवाखान्यातून तिला पांढरं पातळ औषध दिलं होतं. त्यात अ‍ॅल्युमिनियम असतं आणि मॅग्नेशियम. एकानं पोट बांधतं, दुसऱ्यानं सुटतं, म्हणून दोन्ही एकत्र घालतात म्हणे. आईचं सुटलंच. भिंतीचा रंग कालवून देतात मेले, असं म्हणत तिनं बाटली मोरीत ओतली. मग खायचा सोडा पाण्यात घालून पाहिला. त्यानं ढेकर यायची, बरं वाटायचं, पण सोड्यात मिठाचाच गुण, आणि हिला ब्लडप्रेशर. पाय सुजले.

शेवटी तिला दुकानात त्या चघळायच्या गोळ्या सापडल्या. पुदिन्याच्या वासाच्या, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या. दाताखाली चुन्यासारख्या लागायच्या, बरोबर सुपारीचं खांड टाकलं की झालं. जेवणावर एक, चहावर एक, मधेच उगाच एक, आणि कोणी बाई गप्पा मारायला आली तर तिला एक नि स्वतःला एक. आमच्या ओळखीतल्या अर्ध्या बायका आमच्याकडे हे असलं पान खाऊन गेल्या असतील. कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही, की हे औषध आहे आणि याचं काही वाईट होऊ शकतं.

एका हिवाळ्यात आईचं बिनसायला लागलं. आधी नुसती तहान. पाण्याचा जग शेजारी घेऊन बसायची. मग पोट साफ होईना, जेवण जाईना, दुपारभर झोपून राहायची. मग विसरायला लागली. गॅस चालू ठेवून निघून जायची. शेजारणीला कोण आपण म्हणून विचारलं. आणि एका संध्याकाळी मी गेले तर टेबलावर दोन ताटं. दुसरं कोणाचं, तर बाबांचं. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती.

"यायचा टाईम झाला त्यांचा," आई म्हणाली. मी म्हटलं, आज ओव्हरटाईम आहे, उशीर होईल, तू जेवून घे. तिला ते पटलं. तेव्हापासून रोज तेच. बाबा आमच्या घरी पुन्हा कामावर जायला लागले.

मी अश्दोदला राहायचे, कारखान्यात पॅकिंगला होते. शिफ्ट संपली की बसस्टँडवर, तिथून बेर्शेबा, रात्रीच्या आत परत. बसमध्ये मला एका जागी बसवत नसे. ड्रायव्हर ओरडायचा, बाई, खाली बसा. घरी आले तरी हात स्वस्थ नाहीत, धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायची. दादा यरुशलेमला सरकारी कचेरीत. त्यानं एका वृद्धाश्रमात चौकशी करून ठेवली होती. जागा होती, पण पेसाखच्या सणाआधी हो की नाही कळवायचं होतं. दादा वाईट नाही हो, पण एकदा त्याच्या डोक्यात बसलं की बसलं. तो फोनवर म्हणायचा, वय झालं, आता ती एकटी राहू शकत नाही, तू मान्य कर. दवाखान्यातला डॉक्टरही वयच म्हणाला होता. मी म्हणायचे, अरे, गेल्या दिवाळीपर्यंत... आता इथे कसली दिवाळी, पण तोंडात बसलंय... गेल्या दिवाळीपर्यंत ही बाई मला हिशोबात चूक दाखवत होती. माणूस एवढ्यात असा विझतो का? तो म्हणायचा, विझतो. मी फोन आपटायचे.

वृद्धाश्रमात घ्यायच्या आधी म्हाताऱ्या माणसांच्या डॉक्टरनं तपासावं लागतं. म्हणून मी आईला तिथं घेऊन गेले. डॉक्टरीण रशियाहून आलेली, या देशात आमच्यापेक्षा नवी, हिब्रू अडखळत बोलणारी. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं पर्स उघडली. तिच्या लेखी घरी बाई आलेली, तिला काही द्यायला नको? एक गोळी आणि सुपारीचं खांड डॉक्टरणीच्या हातावर ठेवलं. "घ्या, लाजू नका."

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. हसत हसत सांगितलं, हे आमचं पान, आईची जुनी सवय. डॉक्टरीण हसली नाही. दिवसाला किती, तिनं विचारलं. मी म्हटलं, पान कोण मोजतं? दूध पिते का? पिते, रात्री पिते, सकाळी पिते, मटण नसेल तेव्हा कधीही पिते. तिनं ब्लडप्रेशरच्या गोळीचं पाकीट मागून घेतलं, वाचलं, आणि तिथल्या तिथे रक्त काढायला लावलं. संध्याकाळी आई हॉस्पिटलात होती.

डॉक्टरणीनं मला नंतर समजावलं. अन्न जिरवायला पोट आम्ल करतं. गोळी म्हणजे एका जातीचा खडूच, तो त्या आम्लाला मारतो म्हणून आग थांबते. गोळीचा जोर ओसरला की पोट कधी कधी उलट जास्त आम्ल काढतं, की पुन्हा गोळी. पण त्या खडूत कॅल्शियम. थोडं असेल तर लघवीवाटे निघून जातं. इथे ढीगभर गोळ्या, त्यावर दूध, त्यावर ब्लडप्रेशरची ती गोळी जी कॅल्शियम अंगात धरून ठेवते. मूत्रपिंडं थकली, रक्तात कॅल्शियम साचलं. तहान त्यानं, पोट बांधलेलं त्यानं, आणि डोकं भरकटलं तेही त्यानंच. मी विचारलं, परत येईल का? ती म्हणाली, बघू. मी त्या कॉरिडॉरमध्ये इतकी चालले, की सफाईवाल्यानं मला दोनदा बाजूला उभं केलं.

सलाईन चालू झालं, गोळ्या आणि दूध बंद. आणि आई परत यायला लागली, देवाची कृपा. आधी मला नावानं हाक मारली. मग नर्सच्या चादर घालण्याला नावं ठेवली. मग घरात खिडकी उघडी राहिली का म्हणून विचारलं. मला नाचावंसं वाटत होतं. फक्त एक होतं: ती बाबांचं विचारायची थांबली. मी पण विषय काढला नाही. माझी हिंमतच होईना.

घरी सोडायच्या आधी डॉक्टरीण आली. दादाही यरुशलेमहून आला होता, खाटेच्या पायथ्याशी उभा होता. डॉक्टरीण म्हणाली, नीट उत्तरं दिली तर मी लिहून देते, की ही बाई एकटी राहू शकते. आईला कळलं, कशाची परीक्षा आहे ते. ती उठून ताठ बसली, केस सारखे केले. साल कुठलं? बरोबर. गाव कुठलं? बरोबर. मुलं किती? दोन, ही आणि तो. मग डॉक्टरणीनं विचारलं, नवरा आहे का?

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"नाही," आई हिब्रूत म्हणाली. "वारले."

"याफे मेओद," डॉक्टरीण खूश होऊन म्हणाली. म्हणजे फार छान. तिनं लिहिलं, सही केली, दादाच्या हातात कागद दिला. दादानं सुटकेचा श्वास सोडला. डॉक्टरणीचं काही चुकलं नव्हतं, पण त्या क्षणी मला ती बाई डोळ्यांसमोर नको झाली.

ती गेल्यावर आईनं माझा हात धरला.

"पास झाले ना गो मी?"

मी हो म्हटलं. मग ती उशीत तोंड घालून रडली. बाबा गेले तेव्हा दुखवट्याचे सात दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, आणि आई सगळ्यांना वाढत होती. तेव्हा रडली नव्हती इतकी त्या दिवशी रडली.