करपलेले बांगडे
मासा तळताना करपट वास आला की माझा जीव अजून थाऱ्यावर राहत नाही. ताईच्या लग्नानंतर कोकणातले भाऊजी पहिल्यांदा आमच्याकडे समुद्रपूरला आले, म्हणून आम्ही वर्ध्याहून बर्फातले बांगडे आणले होते. पोट चिरलं तर आत वेटोळी घातलेले पांढरे जंत. "पोटाकडचं कापून फेक अन् कडक तळ. जवाईबापूले सांगू नको," आई म्हणाली. कडक तळता तळता बांगडे करपलेच. भाऊजी जेवायला बसले तशी मी चारदा उठले. कधी मीठ वाढलं, कधी भरल्या पेल्यात पाणी ओतलं. त्यांनी तुकडा उलटून पाहिला आणि हळूच म्हणाले, "पोट काढलंत, बरं केलंत. आमची आईही काढते." आईला हे सांगायचं राहूनच गेलं. भाऊजी येणार म्हटलं की ती आजही कोंबडीच आणायला लावते, आणि ते मुकाट्यानं खातात.